येवल्यात शॉर्टवेव्ह: माळ्यावरच्या रेडिओपासून गच्चीवरच्या तारेपर्यंत

शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशींची केंद्रं ज्यावर लागतात तो रेडिओचा बँड, ऐकायला सुरुवात करताना मी पाच महिन्यांत काय काय केलं, त्याची ही वही आहे. निम्मा वेळ चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेला. कोणाला हेच करायचं असेल तर त्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून काही न वगळता उतरवतो आहे. वेळा भारतीय आहेत. जिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे तिथे तसं लिहिलं आहे.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडला. लाकडी खोका, पुढे जाळीचं कापड, मिडियम वेव्ह आणि दोन शॉर्टवेव्ह असे तीन बँड, मागे चार मोठ्या सेलची जागा. दुसऱ्या शॉर्टवेव्हच्या पट्टीवर, १२ च्या आकड्याच्या जरा अलीकडे, काचेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. अण्णांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "ती रेडिओ सिलोनची खूण. बुधवारी रात्री आठला आठवण करून द्यावी लागत नसे. पण आजोबांना बिनाका गीतमालेच्या आधी सुई बरोबर जागी लागायची, म्हणून ठिपका."

बहीण ओवाळून गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. आत सेल फुटून वाळलेले होते आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढला होता. आज फक्त फोटो काढले. खोलण्याआधी फोटो काढणं हे या सबंध कामात मी पहिल्या दिवशी केलेलं एकमेव शहाणपण.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पट्ट्यांवरचा थर लिंबाच्या रसाने भिजवून बारीक पॉलिश पेपरने घासला. दोन पट्ट्या स्वच्छ झाल्या, तिसरी हातातच तुटली. तिच्या जागी जुन्या बॅटरीच्या पेटीतली पट्टी कापून सोल्डर केली. चार सेल २०० रुपये.

बटण फिरवलं आणि स्पीकरमधून कागद चुरगाळावा तशी खरखर आली. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून तो वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवला. तेच बँडच्या स्विचला केलं. खरखर गेली, हलकी गुणगुण राहिली. दोन फुगलेले कपॅसिटर बदलले (४० रुपये), तीही गेली. क्लीनरचा डबा २५० रुपयांचा, पण पुढे तो सतत लागला.

मिडियम वेव्हवर आकाशवाणी लागली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. शॉर्टवेव्हवर मात्र सुई हलतच नव्हती. डायलची दोरी तुटलेली.

१० नोव्हेंबर, रविवार

सबंध रविवार दोरीत गेला. आमच्या गल्लीत घरोघरी पैठणीचे माग, त्यामुळे रेशमाला तोटा नाही. शेजारच्या काकांकडून पिळाचं रेशीम आणलं आणि फोटोत पाहून चाकांवरून ओवलं. सुई सुंदर सरकली. अर्ध्या तासाने रेशीम ताणून सैल झालं आणि चाक नुसतंच फिरायला लागलं. पुन्हा ओवलं, पुन्हा तेच. रेशीम ताणतं आणि गुळगुळीत असतं, आणि डायलला नेमके हेच दोन गुण नको असतात.

शेवटी मासे पकडायच्या गळाची विणलेली दोरी मागवली (१८० रुपये, चार दिवस). ती न ताणणारी आहे, पण तीही निसटते. सोल्डरिंगच्या राळेचा खडा दोरीवरून दोनदा ओढला आणि काम झालं. ज्यांची सुई घसरते त्यांनी आधी राळ लावून पाहा, दोरी नंतर बदला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजची चूक मोठी. सुई चालू लागली तरी शॉर्टवेव्हवर चार-पाचच केंद्रं, तीही दबलेली. आतल्या पट्टीवर पत्र्याच्या लहान चौकोनी डब्या आहेत, वर रंगीत खाचा: पिवळी, पांढरी, काळी. मला वाटलं या घट्ट केल्या की आवाज वाढेल. पिवळी फिरवली, आवाज कमी झाला. उलट फिरवली, आणखी कमी. मग लोखंडी स्क्रूड्रायव्हर जोरात लावला आणि आत काहीतरी टचकन मोडलं. त्यानंतर मिडियम वेव्हही बंद.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाजारात एक वयस्कर मेकॅनिक आहेत, आता मुख्यतः मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं, पिवळ्या डबीकडे पाहिलं आणि विचारलं, "लोखंडानं फिरवलीस ना?"

"हो."

"आत फेराइटचा गाभा असतो. खडूसारखा. एक तर तो तुटतो, आणि नाही तुटला तरी लोखंड जवळ आलं की ट्यूनिंग बदलतं. मग तू फिरवतोस एक आणि ऐकतोस दुसरंच."

त्यांच्याकडे भंगारातली तशीच एक डबी निघाली. ती बसवून त्यांनी प्लास्टिकची पट्टी घासून केलेल्या स्क्रूड्रायव्हरने, निव्वळ कानाने, मागून पुढे एकेक डबी जुळवली. वीस मिनिटं. १५० रुपये घेतले आणि वर त्या प्लास्टिकच्या पट्टीचा एक तुकडाही मला दिला. ज्यांना यातलं काही येत नाही त्यांनी रंगीत डब्यांना हात लावू नये. शॉर्टवेव्ह कमी लागण्याचं कारण तिथे जवळपास कधीच नसतं. माझ्याकडेही नव्हतं, हे पुढे कळलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जुन्या रेडिओची सुई नक्की कुठे आहे हे कळत नाही, त्यामुळे काय ऐकतोय तेही कळत नाही. म्हणून आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ घेतला. टेकसनचा पीएल-३३०, मला ८,९०० रुपयांना पडला. तळहातावर मावतो, जुन्या नोकियात असायची तीच बीएल-५सी बॅटरी लागते, आणि एसएसबी (सिंगल साइडबँड, विमानांसारख्या सेवांचं बोलणं ज्या पद्धतीने प्रसारित होतं ती) ऐकायची सोय आहे. सुरुवातीला एसएसबी नसलं तरी चालेल असं वाटत होतं, पण ते असलेलाच घ्या. फेब्रुवारीची नोंद वाचलीत की का ते कळेल.

पहिल्या रात्री, साडेआठला, पलंगावर बसून ३१ मीटरचा पट्टा (९,४०० ते ९,९०० किलोहर्ट्झ) पिंजून काढला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एकसारखा गुंजारव आणि त्याच्या आड चिनी भाषेतली दोन केंद्रं. एवढंच. नऊ हजार रुपये पाण्यात गेले असं वाटलं. त्या रात्री मी बायकोशी फारसं बोललो नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सव्वासातला लाईट गेली. रेडिओ मांडीवर चालूच होता. गुंजारव बदलला, पण थांबला नाही. दोन मिनिटांनी लक्षात आलं की इन्व्हर्टर चालू झालाय. उठून त्याचं बटण बंद केलं.

आणि सगळं घर गप्प झालं. पंखा नाही, दिवा नाही, आणि रेडिओतला गुंजारवही नाही. ज्या पट्ट्यावर दोन केंद्रं होती तिथे मी अंधारात अठरा मोजली. हिंदी, इंग्रजी, अरबी, चिनी, तीन अशा भाषा ज्या मला ओळखता आल्या नाहीत. अण्णा ओट्यावरून आत आले आणि काही न बोलता शेजारी बसले. बीबीसीचं इंग्रजी लागलं तेव्हा म्हणाले, "इंदिराबाईंना गोळ्या घातल्या त्या दिवशी असंच बसलो होतो. बीबीसीनं दुपारीच सांगितलं. आकाशवाणीवर संध्याकाळी आलं."

पंचेचाळीस मिनिटांनी लाईट आली आणि पुन्हा मधमाश्या.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी करावी. मेन स्विच बंद, इन्व्हर्टर बंद, रेडिओ सेलवर. तेव्हा जे ऐकू येतं ती तुमच्या रेडिओची खरी ताकद. बाकीचा आवाज तुमच्या घराचा असतो.

१ ते ८ डिसेंबर

आठवडाभर आवाजाची शिकार. रोज रात्री जेवणानंतर एकेक एमसीबी पाडायचा, रेडिओ ९,६०० च्या आसपास रिकाम्या जागी ठेवायचा आणि ऐकायचं. कोणत्या खोलीचा ते कळलं की त्या खोलीतली वस्तू न् वस्तू हातातल्या रेडिओने हुंगत फिरायचं. अँटेना आत दाबून रेडिओ वस्तूच्या वीतभर जवळ नेला की गुन्हेगार ओरडतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार देवघरातला झिरोचा एलईडी बल्ब निघाला. हा बल्ब चोवीस तास चालू. आईला पटवायला दोन दिवस लागले. नवीन बल्ब ९० रुपयांचा, दुकानातच रेडिओ नेऊन चार बल्ब लावून पाहिले आणि गप्प बसणारा निवडला. दुकानदाराने आधी हसून पाहिलं, मग त्यालाच गंमत वाटू लागली.

दुसरा, स्वस्तातला मोबाइल चार्जर. फोन लावलेला नसला तरी तो सॉकेटमध्ये आवाज करतच असतो. नवा ४५० रुपये. तिसरा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर. त्याच्या आणि राउटरच्या वायरींवर फेराइटचे क्लिप लावले, पाच नग ४०० रुपये. आवाज निम्म्यावर आला, गेला नाही. टीव्ही बघणं झालं की बोर्डावरचं बटण बंद करायचं, हा घरात नवा नियम झाला.

एक आवाज मात्र आमच्या मेन स्विचने जाईना. रात्री साडेदहाला आपोआप बंद व्हायचा, सकाळी सातला सुरू. तीन दिवस वेळ लिहून ठेवली तेव्हा उमगलं: शेजारच्या काकांच्या मागाची वेळ. मागावरची एलईडी ट्यूब. जायला संकोच वाटत होता. माणूस पदरावरचे मोर विणतोय आणि आपण सांगायचं की तुमचा दिवा बदला. पण काकांनी रेडिओ हातात घेतला, स्वतः ट्यूबजवळ नेला, चर्रर्र ऐकलं आणि म्हणाले, "ही तर आमच्याही रेडिओवर विविध भारतीला त्रास देते. मला वाटायचं स्टेशनच खराब आहे." नवीन ट्यूब २४० रुपये, मी आणून लावून दिली. आता त्यांच्याकडेही गाणी स्वच्छ लागतात.

आठ दिवसांत ३१ मीटरवर दोनाची चौदा केंद्रं झाली, तीही घरात बसून. रेडिओ तोच.

१४ डिसेंबर, शनिवार

आता केंद्रं लागतात, पण कोणती? EiBi नावाची फुकट यादी मिळते. वारंवारता, वेळ, भाषा, कोणत्या देशासाठी, सगळं एका ओळीत. ती डाऊनलोड केली, छापली, आणि पहिल्या संध्याकाळी एकही नोंद जुळली नाही. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये. आपण साडेपाच तास पुढे. आपल्या वेळेवरून यादीतली वेळ काढताना मी साडेपाच तास मिळवत होतो, वजा करायच्या ऐवजी.

उपाय साधा: आजोबांच्या खोलीतलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ सेल घालून यूटीसीला लावलं. आता डोकं चालवावं लागत नाही. अण्णा त्याला "लंडनचं घड्याळ" म्हणतात.

पट्ट्यांचं माझं गणित असं बसलं: दुपारी १६ आणि १९ मीटर, संध्याकाळी २५ आणि ३१, रात्री उशिरा ४१ आणि ४९. दिवसा ४९ मीटरवर काही लागत नाही म्हणून रेडिओला दोष देऊ नका. तो पट्टा रात्रीचाच.

२२ डिसेंबर, रविवार

गच्चीवर तार बांधली. घरच्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची तार, १५ मीटर, ३०० रुपये. एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, दुसरं बारा फुटी बांबूला (१२० रुपये). टोकांना इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपाचे भोकं पाडलेले तुकडे. रस्त्यावरच्या विजेच्या तारांच्या उलट बाजूला बांधली आहे. हे फार महत्त्वाचं. तार तुटली तरी विजेच्या तारांवर पडता कामा नये, तिथे जागा नसेल तर बांधूच नका.

खाली टोक सरळ खिडकीतून आणून रेडिओच्या अँटेनाच्या भोकात घातलं. केंद्रं जोरात, पण मधमाश्याही परत. मग कुठेतरी ऐकलेलं "अर्थिंग पाहिजे" आठवलं आणि मी रेडिओची जमिनीची बाजू घरच्या थ्री-पिन सॉकेटच्या अर्थला जोडली. गुंजारव दुप्पट झाला. घरच्या अर्थिंगच्या तारेवर सगळ्या घराचा कचरा फिरत असतो आणि मी तो हाताने रेडिओत आणून ओतला. शिवाय सॉकेटमध्ये तार खुपसणं हे जिवाशी खेळणं आहे. हे मी केलं, तुम्ही करू नका.

२९ डिसेंबर, रविवार

दुरुस्ती. परसात, भिंतीपासून दूर, चार फुटी जीआय पाइप ठोकला (३२० रुपये, क्लँप ६०). भोवती मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं. हा फक्त अँटेनाचा अर्थ, घराच्या अर्थशी संबंध नाही. तारेच्या खालच्या टोकाला लहान ट्रान्सफॉर्मर, एक बाजू तारेला, एक पाइपाला, आणि तिथून घरापर्यंत डिशची जुनी आरजी-६ केबल. म्हणजे घराच्या जवळ येते ती घरचा आवाज ऐकणारी उघडी तार नव्हे, भोवती पडदा असलेली केबल. कनेक्टर १०० रुपये.

ट्रान्सफॉर्मरसाठी तीन तारा एकत्र पिळून कड्यावर नऊ वेढे दिले. कडं संगणकाच्या जळलेल्या पॉवर सप्लायमधलं, पिवळं-पांढरं. जोडलं आणि सिग्नल तारेशिवाय येत होता त्याहून कमी! तीन तास जोड तपासत बसलो. जोड सगळे बरोबर होते. पिवळं-पांढरं कडं लोखंडाच्या भुकटीचं असतं, पॉवर सप्लायला उत्तम, पण शॉर्टवेव्हवर ते सिग्नल गिळून टाकतं. पाहिजे ते फेराइटचं, ४३ नंबरच्या मिश्रणाचं. दोन कडी ३५० रुपये, यायला नऊ दिवस.

११ जानेवारी २०२५, शनिवार ते १५ जानेवारी

कडी आली, वेढे दिले, जोडलं. एका फटक्यात फरक. साडेनऊला १५,५८० किलोहर्ट्झवर व्हॉइस ऑफ अमेरिका, आफ्रिकेसाठीचं इंग्रजी, शेजारच्या खोलीत बोलावं तसं. यादीत बोत्सवाना लिहिलं होतं. समुद्र ओलांडून आवाज आमच्या गल्लीत.

पण ही मजा एकच रात्र. येवल्यात संक्रांत म्हणजे तीन दिवस पतंग. गच्च्या भरलेल्या, हलकडी वाजते, प्रत्येकाच्या हातात आसारी (मांजाची फिरकी). आणि सराव आठवडाभर आधीच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर गेलो तर माझ्या तारेत चार पतंग आणि मांजाचा गुंता, आणि एक पोरगा तार धरून ओढत होता. टाकीकडचा इन्सुलेटर तुटला. त्या पोरावर मी ओरडलो, पण चूक माझी. माणसं आकाशाकडे बघत गच्चीवर पळतात आणि मी त्यांच्या गळ्याच्या उंचीवर तार ताणून ठेवली होती. कोणाला लागलं असतं तर? लगेच उतरवली. १३, १४, १५ तारखेला मी स्वतः आसारी धरून अण्णांबरोबर गच्चीवर होतो.

१९ जानेवारी, रविवार

तार पुन्हा चढवली, या वेळी आठ फुटांवर, आणि तिला लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या.

तार जुन्या रेडिओलाही लावून पाहिली. भरपूर केंद्रं, पण गोंधळ. डिजिटलवर ९,६०० च्या आसपास असलेलं एक दणकट चिनी केंद्र जुन्या रेडिओवर दोनदा लागतं, एकदा आपल्या जागी आणि पुन्हा ८.७ च्या आसपास. आधी वाटलं डायल चुकला. मग त्या मेकॅनिककडे गेलो. ते म्हणाले, "सावली आहे ती. ९१० खाली." आतलं मधलं ट्यूनिंग ४५५ किलोहर्ट्झचं, म्हणून दणकट केंद्राची सावली त्याच्या दुप्पट अंतरावर खाली पडते. जुन्या रेडिओला लांब तार लावली की सावल्या वाढतात. त्याला आता तीन मीटरचाच तुकडा लावतो.

आणखी एक फसगत. एके ठिकाणी धबधब्यासारखा सपाट घरघराट, दहा किलोहर्ट्झ रुंद. मी पुन्हा एमसीबी पाडत घरभर फिरलो, तासभर. तो घरचा आवाज नव्हताच. डीआरएम, डिजिटल प्रसारण. साध्या रेडिओवर ते असंच ऐकू येतं. घरचा कचरा सगळ्या पट्ट्यावर पसरतो, डीआरएमला दोन्ही बाजूंना सरळ कडा असतात. एवढा फरक माहीत असता तर तास वाचला असता.

२ फेब्रुवारी, रविवार

एसएसबीचं बटण आज पहिल्यांदा नीट वापरलं. ६,६७६ किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँड. इथे विमानांसाठी विमानतळांचं हवामान वाचतात, त्याला व्होल्मेट म्हणतात. आशियातली केंद्रं एकाच वारंवारतेवर पाळीपाळीने येतात. मुंबईची पाळी तासाच्या २५ आणि ५५ व्या मिनिटाला. आपलं घड्याळ अर्ध्या तासाने सरकलेलं असलं तरी २५ चे ५५ आणि ५५ चे २५ होतात, त्यामुळे कुठल्याही घड्याळाने गेलात तरी चुकत नाही.

एसएसबी आधी बदकाच्या आवाजासारखं ऐकू येतं. एकेक किलोहर्ट्झ नव्हे, अगदी बारीक पायरीने फिरवायचं. एका क्षणी बदकाचं माणूस होतं. संध्याकाळी ५५ व्या मिनिटाला "मुंबई" ऐकू आलं, पाठोपाठ वारा, दृश्यमानता, तापमान, हवेचा दाब. अण्णांनी वहीत तापमान लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरशी ताडून पाहिलं.

रात्री अकराच्या सुमारास याच सेवेच्या दुसऱ्या वारंवारतेवर, ११,३८७ वर गेलो. सिंगापूर लागलं, स्वच्छ. पाच मिनिटांनी मुंबईची पाळी, आणि तिथे शांतता. हजारो किलोमीटरवरचं सिंगापूर लागतं आणि घाटाखालची मुंबई नाही! उंच वारंवारतेच्या लहरी वर जाऊन परत येताना आपल्या डोक्यावरून पलीकडे पडतात, जवळचा भाग कोरडा राहतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते त्या रात्री. जवळचं ऐकायचं तर खाली या, लांबचं ऐकायचं तर वर जा.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शॉर्टवेव्हवर मराठी ऐकली. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचं मराठी प्रसारण, यादीत भाषेच्या रकान्यात शोधून वेळ काढली. धार्मिक कार्यक्रम आहे, विषय आमच्या घरचा नाही. पण खरखरीतून, वर-खाली होणाऱ्या लाटेवर, एका बाईंचं शुद्ध मराठी आलं तेव्हा आई लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलली नाही.

रोजची एक सवयही लावून घेतली आहे. बसल्यावर आधी ५,००० आणि १०,००० किलोहर्ट्झ पाहतो. चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र तिथे दर सेकंदाला टिकटिक करतं, आणि २९ आणि ५९ व्या मिनिटाला मोर्समध्ये नाव आणि मग बाईच्या आवाजात चिनीतून ओळख. १०,००० वर जोरात आणि ५,००० वर मंद असेल तर आज वरचे पट्टे धरायचे, उलट असेल तर खालचे. दोन मिनिटांत संध्याकाळचा अंदाज येतो. दोन्ही गप्प असतील तर आधी केबलचा जोड पाहा. माझा दोनदा तोच सुटला होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रेडिओ रोमेनिया इंटरनॅशनलला इंग्रजी कार्यक्रमाचा पहिला रिपोर्ट पाठवला. तारीख, वेळ, वारंवारता, काय ऐकलं त्याचा तपशील, आणि सिनपो: सिग्नल, व्यत्यय, गोंगाट, लाटेचा चढउतार आणि एकूण, पाचपैकी गुण. मी सगळीकडे पाच-पाच दिले आणि मग खोडून खरे दिले: ३, ४, ३, ३, ३. तिथल्या इंजिनिअरला खरं कळायला हवं, कौतुक नको.

पाठवल्यावर चूक दिसली. ऐकलं होतं मध्यरात्रीनंतर, म्हणून २१ तारीख लिहिली. यूटीसीप्रमाणे तेव्हा २० तारीखच चालू होती. लंडनचं घड्याळ वेळ दाखवतं, तारीख नाही. दुरुस्तीचं पत्र लगेच पाठवलं. आता घड्याळाखाली पाटी लावली आहे: "पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख."

१६ मार्च, रविवार

१५,५८० रिकामं आहे.

काल अमेरिकेत व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या लोकांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याची बातमी आली. १९४२ पासून चालू असलेलं केंद्र. माझी तार पहिल्यांदा नीट चालली तेव्हा ऐकलेला पहिला आवाज तोच. साडेनऊला लावलं, नुसतं वाऱ्यासारखं सूं सूं. आधी सवयीने केबल तपासली, मग बीपीएम लावून पाहिलं. तिकडे टिकटिक चालू होती. माझ्याकडे काही बिघडलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "सिलोनची बिनाका बंद झाली तेव्हाही आजोबा रोज सुई त्या ठिपक्यावर नेऊन पाहायचे." २०२० च्या ३१ जानेवारीला बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्हवरून गेली, तेव्हा माझ्याकडे रेडिओच नव्हता. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये, एवढंच आज लिहावंसं वाटतं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

शॉर्टवेव्हचा हंगाम वर्षातून दोनदा बदलतो, ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी. यंदा तो रविवार आणि पाडवा एकच आला. यूटीसी एक वाजता, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला, केंद्रांनी जागा बदलल्या आणि माझी पाच महिन्यांची पेन्सिलने भरलेली यादी एका सकाळीत जुनी झाली. नवी यादी काल रात्रीच उतरवून ठेवली होती, तेवढं या वेळी आठवणीने केलं.

हिशेब: जुन्या रेडिओची दुरुस्ती ८२० रुपये, नवा रेडिओ ८,९००, घरचा आवाज कमी करायला १,१८०, तार, बांबू, अर्थ आणि कडी मिळून १,२५०. एकूण १२,१५०. वाया गेलेला वेळ रेशमाचा एक रविवार, पिवळ्या डबीचे दोन दिवस, चुकीच्या कड्याचे तेरा. सर्वात जास्त फरक पडला तो देवघरातल्या ९० रुपयांच्या बल्बने.

बाकी कामं: पावसाळ्याआधी केबलच्या जोडावर रबराची टेप, आणि ढग गडगडले की केबल काढून खिडकीबाहेर टाकता यावी म्हणून हाताने निघणारा कनेक्टर. रिपोर्टची पोच म्हणून केंद्र पाठवतं ते रोमेनियाचं कार्ड अजून यायचं आहे.

आज सकाळी सहाला आई म्हणाली, "गुढीला काठी लागेल, तुझा बांबू दे." दिला. तार टाकीच्या पाइपाशी गुंडाळून ठेवली आहे, संध्याकाळी गुढी उतरली की पुन्हा चढवायची. साडेसातला ३१ मीटर, नव्या यादीने.